फुलदाणी नको, भांड्याचं तोंड बघा

पत्र :

आजेसासूबाईंच्या माघारी त्यांच्या कपाटातली बरीच भांडी माझ्याकडे आली. निळ्या वेलबुट्टीची पांढरी किटली (तोटीचा टवका उडालेला, पोटावर केसासारखी बारीक चीर), बशा हरवलेले तीन कप, झाकण गेलेला रंगीत पत्र्याचा डबा, औषधाच्या चार-पाच जुन्या बाटल्या आणि एक पितळी तांब्या. टाकवत नाहीत आणि नुसती मांडून ठेवावीत असंही वाटत नाही, म्हणून त्यांत फुलं लावायचं मनात घेतलं. पण जमत नाही. मिश्र गुच्छ आणते, गुलाब, जरबेरा, शेवंती, लिलीचे दोन देठ असा, आणि किटलीत ठेवला की सगळी फुलं कडेला कलंडतात, मधे भोक. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ, तिसऱ्या दिवशी वास. डब्यानं तर टेबलावर गंजाचं कडं उमटवलं. जाऊबाई म्हणतात, भंगारात फुलं कशी शोभतील, चांगली फुलदाणी आण. फुलवाला म्हणतो, फोम घ्या. घेऊ का? घरात मांजर आहे, ती फुलांच्या पाण्यात तोंड घालते, म्हणून फुलं जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी ठेवते. बाल्कनीत झिनियाच्या दोन कुंड्या आहेत. त्या फुलांचं काही साधं, रंगीत करता येईल का?

— कलंडलेली

उत्तर :

प्रिय कलंडलेली,

बाकी सगळं नंतर. आधी ती लिली घराबाहेर काढा. हे पत्र वाचताना ती टेबलावर असेल तर आत्ताच उठा.

लिलीचं पान, पाकळी, पराग, इतकंच काय, लिली ज्यात उभी होती ते पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. अंगावर सांडलेला पराग मांजरानं चाटून साफ केला तरी तेवढं पुरतं. तुमची मांजर त्याच पाण्यात तोंड घालते म्हणता, म्हणजे आजवर नशिबानंच निभावलं. यापुढे तिनं लिलीला तोंड लावल्याची नुसती शंका आली तरी उलट्या सुरू व्हायची वाट बघू नका, तडक पशुवैद्यांकडे न्या. या विषबाधेत सगळा खेळ वेळेचा असतो. शेवंती, ट्यूलिप, डॅफोडिल, ग्लॅडिओलस, हायड्रेंजिया ही फुलंही मांजराला बाधतात, लिलीइतकी घातक नसली तरी. कण्हेर तर माणसालाही विषारी. गुलाब, जरबेरा, झिनिया, सूर्यफूल, स्नॅपड्रॅगन यांचं भय नाही, आणि रंगांसाठी एवढी मंडळी भरपूर झाली. फुलं टेबलावर ठेवून मांजर दूर राहील ही समजूत मात्र सोडून द्या. उंच जागा म्हणजे मांजराला आमंत्रणच.

आता कलंडण्याबद्दल. तुम्ही गुच्छ बघून फुलं आणता आणि मग तो भांड्यात बसवायला जाता. क्रम उलटा करा. आधी भांड्याचं तोंड बघा, मग त्यात किती देठ मावतील ते ठरवा, आणि तेवढीच फुलं घ्या. किटलीचं पोट मोठं असतं, तोंड त्या मानानं लहान. देठ आत गेला की त्याला खाली आधार मिळत नाही, तो काठाला टेकून बाहेरच्या बाजूला झुकतो. सगळे देठ तसेच झुकले की मधे भोक पडणार. यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि भांड्याचाही नाही. तोंडाशी देठांना धरून ठेवणारं काहीतरी हवं, एवढंच.

बाजारातल्या फुलदाणीचं तोंड बहुधा अरुंद आणि गळा लांब असतो. तो गळा देठ धरून ठेवतो, म्हणून ती सोपी वाटते. तुमच्याकडेही तसा गळा आहे, फक्त तुम्ही तिकडे अजून वळलेला नाहीत. औषधाच्या बाटल्या! सुरुवात त्यांच्यापासूनच करा, असं मी हट्टानं सांगेन. बाटलीचं तोंड दोन-अडीच सेंटिमीटरचं, त्यात एक झिनिया, फार तर त्याच्यासोबत एक पान. दुसरं फूल घालायचा मोह आवरा. चार बाटल्या, चार फुलं, प्रत्येकाची उंची वेगळी, आणि बाटल्या एका ओळीत न लावता पुढेमागे, एकमेकींना जवळजवळ खेटून. शाळेच्या रांगेसारखं अंतर ठेवून मांडल्या की सगळी मजा जाते. जुन्या बाटल्यांची काच बहुतेकदा तपकिरी, हिरवी किंवा निळी असते आणि तिच्यातून प्रकाश आला की निम्मं काम तिनंच केलेलं असतं. त्यामुळे जागा खिडकीलगतची निवडा, फक्त कडक ऊन थेट पडेल अशी नको.

फुलं मोजून विषम संख्येत लावावीत, फुलांची उंची भांड्याच्या दीडपट असावी, असे नियम तुम्ही वाचलेले असतील. दीडपटीचा अंदाज उंच भांड्यांना बऱ्यापैकी लागू पडतो. कपाला तो लावलात तर कप उलटेल. कपात फुलं बुटकीच हवीत, काठाच्या जेमतेम वर तोंड काढणारी, आणि दाटीनं. विषम संख्येचं म्हणाल तर तीन-पाच फुलांपर्यंत डोळ्याला फरक कळतो, पुढे कोणी मोजत बसत नाही.

आता किटली. ही तुमची खरी आवडती दिसते, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवू.

पोटावर चीर आहे, तेव्हा तिच्यात थेट पाणी भरू नका. आज गळत नसली तरी चिनीमाती त्या चिरेतून पाणी आत ओढते. मग रोज ओलं होणं आणि वाळणं सुरू होतं, चिरेत तपकिरी डाग उतरतो आणि तो पुढे निघत नाही. आत मावेल असा काचेचा छोटा ग्लास किंवा बाटली बसवा आणि पाणी त्यात. तोंडातून ग्लास आत जात नसेल तर दुसरा मार्ग मेणाचा : किटली आतून खडखडीत वाळू द्या, साधं मेण पातळ करून आत ओता, किटली हातात फिरवून मेण सगळीकडे पसरू द्या, उरलेलं ओतून टाका. थरानं चीर बुजते. पण मग त्यात कोमट पाणी कधीच नको, आणि मेण पुरतं काढणं जिकिरीचं असतं, म्हणून मी आधी ग्लासच शोधेन. तोटीचं टोक पाण्याच्या पातळीच्या खाली येत असेल तर तिकडूनही पाणी येईल, हे भरण्याआधी बघून घ्या.

जपानी चहागुरू सेन नो रिक्यू यानं १५९० मध्ये, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या ओदावाराच्या लढाईच्या मोहिमेवर असताना, बांबू कापून केलेली एक फुलदाणी आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिला समोरूनच उभी चीर गेली आहे. पुढे एकदा तिच्यातून पाणी झिरपताना बघून पाहुण्यानं विचारलं, तेव्हा हे झिरपणं हाच या फुलदाणीचा प्राण आहे, असं उत्तर मिळालं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट मला फार आवडते. तरी त्या चहाघरात पॉलिशचं टेबल नव्हतं आणि तुमच्याकडे आहे, तेव्हा ग्लास बसवाच.

ग्लास बसला की त्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या आडव्या-उभ्या लावून जाळी करा. दोन आडव्या, दोन उभ्या, नऊ चौकटी. काठ कोरडा असतानाच लावा, ओल्या काठावर पट्टी धरत नाही. सगळ्यात आधी हिरवं घाला : फर्नच्या दोन-तीन फांद्या किंवा गुलाबाचीच पानं असलेली डहाळी, काठावरून थोडी बाहेर झुकणारी. यानं पट्ट्याही झाकतात. मग सगळ्यात मोठं फूल, ते मधोमध नाही, जरा एका बाजूला आणि खाली, काठाच्या जवळ. मोठं फूल वर टोकाला लावलं की किटली डोकेजड दिसते. मग मध्यम फुलं, प्रत्येक देठ तिरपा घालायचा, म्हणजे आत पाण्याखाली देठ एकमेकांत अडकतात आणि गर्दीच्या बसमधल्या उभ्या माणसांसारखे एकमेकांच्या आधारानं तोल राखतात. शेवटी एक-दोन हलकी, लांब देठाची फुलं बाकीच्यांच्या वर काढा. दांडीच्या बाजूला फुलं कमी ठेवा. दांडी दिसली पाहिजे, नाहीतर ती किटली आहे हेच कळणार नाही. किटली दर थोड्या वेळानं फिरवून बघा, पण चारी बाजूंनी सारखीच दिसावी असा आग्रह नको. भिंतीला लागून ठेवणार असाल तर मागची बाजू रिकामी राहिली तरी चालतं, फुलंही वाचतात.

किटलीला सात ते नऊ देठ पुरतात. तुमच्या मिश्र गुच्छात त्याच्या दुप्पट असावेत असा माझा अंदाज.

फोमचं उत्तर सरळ आहे : घेऊ नका. १९५४ मध्ये अमेरिकेत हा पाणी शोषणारा हिरवा फोम बाजारात आला आणि फुलवाल्यांचं काम सोपं झालं हे खरं. देठ खुपसला की जिथल्या तिथे राहतो. पण हा फोम म्हणजे प्लास्टिकच, तो कुजत नाही, नुसता चुरा होत जातो, आणि भांडं विसळताना तो चुरा मोरीतून पुढे पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. घरापुरतं पाहिलं तरी तो गैरसोयीचाच : एकदा भोक पडलं की देठाची जागा बदलता येत नाही, आणि नवशिक्याला तर दहा वेळा बदलावी लागते. बरेच नरम देठ त्यात नीट पाणीही ओढत नाहीत.

त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची तारेची जाळी हातभर आणा. तिचा सैलसर गोळा करून डब्यात किंवा कपात बसवा. देठ दोन-तीन थरांतून जातो आणि हलत नाही. कापलेली टोकं आतल्या बाजूला वळवा, बोटं फाटतात. गंजेपर्यंत ही जाळी धुऊन पुन्हा वापरता येते. उथळ बशीसारखं भांडं असेल तर जपानी पद्धतीचं केन्झान, म्हणजे खिळ्यांची गादी असलेली जड चकती, सर्वांत छान. पण तुमच्या यादीत तसं उथळ काही नाही, मग आत्ता त्यावर खर्च कशाला?

ही जाळीची युक्ती ज्या बाईनं लोकप्रिय केली तिचं नाव तुमच्या जाऊबाईंना जरूर सांगा. कॉन्स्टन्स स्प्राय, १८८६ ते १९६०. लंडनमध्ये १९२९ मध्ये तिनं फुलांचं दुकान काढलं, आणि त्या काळच्या आखीव-रेखीव, महागड्या सजावटीला फाटा देऊन माळ्यावरची भांडी, रश्श्याची चिनी भांडी, भाजण्याचे ट्रे, असं जे हाती येईल त्यात फुलं मांडली. फुलांसोबत रानटी वेल, फळांच्या फांद्या, कोबीवर्गातली पानंसुद्धा लावली. हीच बाई १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या फुलांचं काम करत होती. गंमत पुढे आहे. २००४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा संग्रहालयाचे अध्यक्ष जेम्स डायसन, तेच ते व्हॅक्यूम क्लीनरवाले, पद सोडून गेले. संग्रहालय खऱ्या डिझाइनचं काम सोडून नुसत्या दिखाव्याकडे चाललंय, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा भंगारातल्या फुलांवर नाक मुरडणाऱ्या तुमच्या जाऊबाई एकट्या नाहीत, मोठमोठी माणसं त्यांच्या बाजूला आहेत.

डबा आणि तांब्या यांचं दुखणं एकच, धातू. जुन्या डब्याचा सांधा बहुतेकदा गळका असतो आणि आतला थर गेला की पत्रा गंजतो. पाणी थेट भरायचंच नाही. आत बरणी ठेवा, बरणी आणि डबा यांच्या मधली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरा म्हणजे ती हलणार नाही, आणि डब्याच्या बुडाला बाहेरून चार छोटे नमद्याचे ठोकळे चिकटवा. टेबलावर कडं उमटणार नाही. डब्याचा रंग पोपडे धरून सुटत असेल तर तो घासून गुळगुळीत करायला जाऊ नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ नाकातोंडात नको. ओल्या फडक्यानं पुसा, तेवढंच.

पितळेला साधं पाणी दोन-चार दिवस सोसतं, पण आत पाण्याच्या रेषेवर डाग पडतो आणि फुलं टिकावीत म्हणून पाण्यात घालायची बाजारातली पूड आम्लयुक्त असल्यानं धातू खाते. तांब्यातही आत ग्लासच. तांब्या आरशासारखा घासावा का? माझं मत, फुलांसाठी घासू नये. थोडा काळवंडलेला पितळी रंग केशरी-पिवळ्या फुलांना जसा खुलवतो तसा लखलखीत रंग नाही खुलवत.

आता पाणी, कारण तिसऱ्या दिवशीचा वास हीच तुमची सर्वांत मोठी अडचण आहे, कलंडणं त्यामानानं किरकोळ.

पाण्याखाली बुडालेलं प्रत्येक पान कुजतं. त्यावर जंतू वाढतात, पाणी गढूळ होतं, आणि हेच जंतू देठाच्या कापलेल्या तोंडाशी थर करून त्याच्या बारीक नळ्या बुजवतात. मग भांडं भरलेलं असूनही फूल तहानेनं मान टाकतं. म्हणजे फूल कोमेजलं म्हणून आणखी पाणी ओतून काही होत नाही, नळी उघडी करावी लागते. पाण्याच्या पातळीखालचं एकूण एक पान काढा. झेंडू आणि शेवंतीच्या पानांना तर दोन दिवसांतच वास मारतो, आणि शेवंती तशीही आता तुमच्या घरात येणार नाही.

देठ कापायचा तो धारदार सुरीनं किंवा कात्रीनं, तिरपा, टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर. बोथट कात्रीनं देठ चेंगरतो. तिरपा कापायचं साधं कारण असं की सपाट कापलेला देठ भांड्याच्या बुडाला चिकटून बसतो आणि पाणी ओढायची वाट बंद होते. कापल्यावर लगेच पाण्यात घाला. हवेत राहिला तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि तो पाण्याची धार तोडतो. फुलं आणल्याआणल्या सजवायला घेऊ नका. पानं काढून, देठ कापून बादलीत खोल पाण्यात दोन-चार तास, जमलं तर रात्रभर, गार आणि अंधाऱ्या जागी उभी ठेवा. पोटभर पाणी प्यायलेलं फूल नंतर पुष्कळ सोसतं. जरबेराला मात्र खोल पाण्यात बुडवू नका, त्याचा लवदार देठ पाण्यात लवकर कुजतो. त्याला पाच-सहा सेंटिमीटर पाणी पुरे.

मग पाणी रोज बदला. फक्त वरून भर घालणं नव्हे, जुनं ओतून, ग्लास साबणानं धुऊन, नवं. दर दोन दिवसांनी देठ पुन्हा थोडा छाटा. साखर, लिंबाचा रस आणि थेंबभर ब्लीच घालून घरी फुलांचं पाणी करण्याची कृती सगळीकडे सांगतात, आणि तिच्यात तर्क आहे : साखर फुलाचं अन्न, आंबटपणानं पाणी देठात सहज चढतं, ब्लीच जंतू मारतं. पण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू तयार होतो, प्रमाण चुकलं तर फुलंही भाजतात, आणि तुमची मांजर ते पाणी पिणार. तुम्हाला मी ही कृती देत नाही. नुसती साखर तर मुळीच घालू नका, तिच्यावर जंतूच पोसतात. साधं पाणी आणि रोजची पाच मिनिटं यावर गुलाब-झिनिया आठवडाभर सहज टिकतात.

बाटल्यांच्या आत हात जात नाही, त्या धुवायच्या कशा? मूठभर कच्चे तांदूळ, थोडं कोमट पाणी, साबणाचा थेंब, तोंडावर अंगठा धरून जोरात हलवा. तांदूळ आतली बुळबुळ खरवडतात. पांढरा क्षारांचा थर असेल तर रात्रभर व्हिनेगर भरून ठेवा. तरीही काच धुरकट राहिली तर ती घाण नाही, वर्षानुवर्षं पाणी राहून काचच झिजलेली आहे. ती साफ होणार नाही. तशीच वापरा, मला तरी ती बरी दिसते.

आणि फळांची टोपली हलवा. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यानं फुलं अकाली म्हातारी होतात, पाकळ्या गळतात. कार्नेशन तर फार लवकर मिटतं. टोपली दुसऱ्या खोलीत, फुलं पंख्याच्या झोतापासून दूर.

रंगांचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंत, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंत.

मिश्र गुच्छात फुलवाला सगळ्या रंगांचं थोडं थोडं घालतो, म्हणून तो रंगीत असूनही नजरेत भरत नाही. रंग दिसायला एक रंग जास्त हवा आणि दुसरा कमी. अर्धा-अर्धा नाही. तुमच्या किटलीवर निळी वेलबुट्टी आहे. निळ्याच्या समोरचा रंग नारिंगी, म्हणजे केशरी झिनिया त्या निळ्यावर अशा पेटतील की तुम्हालाच नवल वाटेल, आणि वेलबुट्टीही अधिक निळी दिसेल. पाच केशरी झिनिया, दोन पिवळट गुलाब, एक गडद मरून झिनिया. तो मरून महत्त्वाचा. गडद फूल आत खोलवर लावलं की बाकीची पुढे येतात. सगळीच उजळ लावली तर चित्र सपाट दिसतं. पांढरं फूल जपून, ते नजर सगळ्यात आधी ओढतं, एखादंच असेल तर डाग वाटतं. घालायचंच तर तीन घाला किंवा मुळीच नको.

रंगीत डब्याला उलट वागवा. त्यावर आधीच चित्र आहे, चार-पाच रंग आहेत, तेव्हा त्यातलाच एक रंग उचला आणि फुलं फक्त त्या रंगाची लावा, फिकट ते गडद. गुलाबी असेल तर सगळं गुलाबी. डबा आणि फुलं दोघंही बोलायला लागले तर गोंगाट होतो. कप वेगवेगळ्या नक्षीचे असतील तर तिन्हींत एकाच जातीची, एकाच रंगाची फुलं घाला, म्हणजे न जुळणारे कपही एका घरचे दिसतात.

तुमच्या झिनियाबद्दल एक गोष्ट, कारण ही चूक बहुतेकजण करतात. झिनिया कळी असताना तोडला तर पाण्यात पुढे उमलत नाही, पूर्ण उमललेलाच घ्यायचा. तयार झालाय का हे बघायला फुलाखाली वीतभर अंतरावर देठ चिमटीत धरा आणि हलकेच हलवा. मान लवली तर अजून कच्चा, दोन दिवस थांबा. देठ काठीसारखा ताठ राहिला तर कापा. सकाळी लवकर कापा, ऊन चढल्यावर नाही, आणि पाण्याचा पेला सोबत घेऊनच बाल्कनीत जा. देठ पानांच्या जोडीच्या लगेच वर कापलात तर तिथून दोन नवे फुटवे येतात. म्हणजे जितकं कापाल तितकं मिळेल, दोन कुंड्या बाटल्यांना पुरून उरतील. बाजारातून मग फक्त एखादी गुलाबाची काडी.

दर छाटणीला देठ आखूड होत जातात, हा तुमच्या भांड्यांचा फायदा. किटलीतली फुलं चार दिवसांनी बुटकी झाली की कपात जातात, कपातून बाटलीत. गुलाबानं मध्येच मान टाकली तर फेकू नका : देठ पाण्याखाली धरून पुन्हा कापा आणि तास-दोन तास कोमट पाण्यात मानेपर्यंत उभा ठेवा. ताजा असेल तर सरळ होतो.

एक सूचना राहिली. ज्या कपांत आणि किटलीत फुलं लावली ती पुन्हा खाण्यापिण्याला घेऊ नका. जुन्या चकाकीच्या थरात शिसं असण्याची शक्यता असते आणि फुलांच्या पाण्याचे जंतू चिरांत राहतात. फुलांची भांडी म्हणून वेगळीच ठेवा.

फुलदाणी विकत घ्यायची की नाही याचं उत्तर तुम्हाला एव्हाना मिळालं असेल. जाऊबाईंसाठी एक बाटली बाजूला काढा, स्वच्छ धुऊन, आत एक झिनिया घालून त्यांच्या घरी पोचवा. पाणी रोज बदलायचं हे मात्र सांगायला विसरू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्हालाच ऐकावं लागेल.

— तुमची ताई